‘माझी मैना’ : एका छक्कडीची अर्धी कीर्ती

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला मी बसलो होतो. पाच मुले अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड बसवीत होती. ढोलकी चांगली होती, आवाज खडे होते. मुले मैनेच्या रूपवर्णनात रमली, निरोपापाशी आली आणि थांबली. मी म्हणालो, पुढचे म्हणा. पुढे काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. मी छापील संहिता आणून दिली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेतले व सांगितले, “सर, पहिला भाग पुरे. पुढचे राजकीय आहे, आणि लांबतेही फार.” गाणे अर्धेच झाले. टाळ्या भरपूर पडल्या.

ही एका संमेलनापुरती गोष्ट असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण लग्नाच्या बँडवर, वाद्यवृंदाच्या मंचावर, गणपतीच्या मंडपातल्या कर्ण्यावर आणि आता मोबाइलवर मी हे गाणे जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा ते बहुधा मैनेच्या रूपापाशी, फार तर निरोपापाशी संपले. दुसरीकडे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा इतिहास सांगणारे विद्वान या गाण्याचा उल्लेख करतात तेव्हा नेमके उलटे टोक धरतात. मैना म्हणजे सीमाभाग, नवरा म्हणजे महाराष्ट्र, विरह म्हणजे राज्याचे तुकडे. अर्थ सांगून झाला, वही मिटली. एकाने उत्तरार्ध कापून टाकला, दुसऱ्याने पूर्वार्ध रूपक म्हणून खर्ची घातला. दोघांच्याही हातून मधला भाग सुटतो. दारिद्र्यामुळे बायकोपासून तुटलेला एक माणूस भल्या पहाटे गाव सोडतो आणि मुंबईत बेकारांच्या गर्दीत येऊन पडतो, हा या गाण्याचा कणा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला तो कणा हाताला लागल्यावाचून राहत नाही.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. शाळा त्यांना मानवली नाही; खरे म्हणजे शाळेने त्यांना मानवू दिले नाही. वडिलांबरोबर ते गावाहून पायी चालत मुंबईला आले. पडेल ते काम केले, गिरणीत राबले, मोर्चात गेले, मार्क्सवाद शिकले आणि कामगार वस्तीतच लिहू लागले. १९४० नंतरच्या दशकात अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाच्या आरंभी गणपतीला वंदन करण्याची रीत होती. तेथे त्यांनी मायभूमीला आणि शिवाजीराजाला वंदन घातले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी आणली. म्हणजे ज्या फडावरून ‘माझी मैना’ पुढे जन्माला आली तो फडच सरकारच्या लेखी गुन्हेगार होता. आज त्याच गाण्यातील ‘राजकारण’ नको म्हणून जे सांगतात त्यांना हा इतिहास माहीत असण्याचा संभव कमी आहे.

वाळवे तालुक्यातीलच रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. जन्माने कुलकर्णी असलेला हा कवी तमाशात उतरला, पवळेबरोबर त्याने फड गाजवला, हे सर्वांना माहीत आहे. बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली आणि तीत नगरीचे वैभव गायिले. अण्णा भाऊंनीही मुंबईवर लावणी रचली. तिच्यात दोन मुंबया आहेत, माडीवरची आणि झोपडीतली. एकाच तालुक्यातल्या दोन कवींच्या या दोन लावण्या शेजारी ठेवल्या की नजरेतला फरक लक्षात येतो. बापूराव मुंबई पाहायला आले होते. अण्णा भाऊ मुंबईत पोट भरायला आले होते.

‘माझी मैना’तही हीच नजर आहे, पण ती लगेच दिसत नाही. याला कारण तिचा घाट. छक्कड हा तमाशातील लावणीचाच एक चटकदार प्रकार. ढोलकीच्या ठेक्यावर शब्द घरंगळत येतात, एका यमकाची साखळी सुटता सुटत नाही. ऐकणारा त्या साखळीत सापडतो. अण्णा भाऊ सुरुवातीला लावणीचे सगळे पारंपरिक सामान बाहेर काढतात. बांधा, रंग, चाल, भुवया, कांती. चंद्र, सोने, हिरे, सुगंध. कोणताही जुना लावणीकार खूश व्हावा. परंतु दोन फेरफार त्यांनी गुपचूप केले आहेत. पहिला असा की जुन्या विरहाच्या लावणीत बोलते ती स्त्री. पती मोहिमेवर गेलेला असतो, ती एकटी तळमळत असते आणि तिची तळमळ दौलतजादा करणाऱ्यांच्या करमणुकीसाठी मांडलेली असते. येथे पुरुष तळमळतो. तो मोहिमेवर गेलेला नाही, पोटासाठी गेला आहे. ज्या सौंदर्याचे वर्णन चालले आहे ते बैठकीतल्या नाचणारीचे नाही, घरच्या बायकोचे आहे. शतकानुशतके आपल्याच बायाबापड्यांना फडावर उभे करून जे वर्णन ऐकले गेले, ते एका मांगाच्या पोराने उचलले आणि राबणाऱ्या माणसाच्या घरधनिणीला दिले. मराठी समीक्षेने या बदलाची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली नाही.

दुसरा फेरफार उपमांमधला आहे. सोन्याहिऱ्याच्या उपमा चाललेल्या असताना मध्येच मैना आंधळ्याची काठी होते. तेथे ठेका तोच राहतो, टाळीही तशीच पडते. पण शृंगाराची भाषा त्या एका जागी मोडते. काठी सुंदर नसते. तिच्यावाचून चालता येत नाही. प्रेमाची ही ओळख गरिबालाच असते, कारण त्याच्या घरात बायको ही शोभेची वस्तू असूच शकत नाही. मला स्वतःला सगळ्या वर्णनात हीच उपमा खरी वाटते. बाकीच्या तमाशाच्या पेटाऱ्यातल्या आहेत. सीता-रामाची उपमा त्याच पेटाऱ्यातली. ती आपल्या वाचकांना खटकेल, मलाही खटकते. साम्यवादी शाहिराला आणि पुढे ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणाऱ्या लेखकाला रामाची सीता कशाला हवी होती, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर मला असे दिसते की समोर बसलेल्या हजारो माणसांना जी भाषा येत होती तीतच त्यांना बोलायचे होते. उत्तर पुरेसे आहे असे मी म्हणत नाही.

मग निरोप येतो. पहाटेची वेळ, शिदोरीची बांधाबांध, वेशीपर्यंत सोबत आलेली बायको. तिचे तोंड उतरते. नवरा तिला हसवू पाहतो. पत्रे पाठवीन म्हणतो, वचने देतो, मग दागिन्यांची यादी सुरू होते: गळ्यातले, कानातले, नाकातले, दंडातले, पायातले. ठेका धावत असतो, श्रोते डोलत असतात. आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर मैना हसत नाही.

बँडवाले आणि वाद्यवृंदवाले दागिन्यांची ही यादी फार आवडीने म्हणतात. ती यादी हौसेची आहे असे त्यांना वाटते. वस्तुतः ती एका बेकार माणसाची थाप आहे, आणि ती थाप आहे हे मैनेला कळलेले आहे. अण्णा भाऊंनी तिला एकही वाक्य दिलेले नाही. मात्र तिला अविश्वास दिला आहे. ज्याच्याजवळ वाटखर्चाला भाकरतुकड्याची मोट आहे, तो अंगभर सोने घालण्याची बोली करतो. ती ऐकते आणि गप्प राहते. या गप्प राहण्यावर गाण्याचा पुढचा सगळा भाग उभा आहे. कारण पुढे मुंबई येते. तेथे बेकारांची गर्दी, पाण्यापासून सगळ्याची मारामारी, काळाबाजार, उद्याची शाश्वती नाही. मैनेचा अविश्वास मुंबईने खरा करून दाखवला. उत्तरार्ध कापला म्हणजे नवऱ्याची वचने खरी ठरतात, गाणे गोड होते आणि मैना उगीचच रुसलेली दिसू लागते. कापाकापीने काय साधते ते येथे दिसते.

या बेकारीच्या वर्णनातूनच संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उठते. संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ६ फेब्रुवारी १९५६ रोजी. गोळीबार त्याच्या आधीपासून चालू होते. त्या काळच्या सभांना शाहीर हा वक्त्याइतकाच, क्वचित वक्त्याहून मोठा असे. अमर शेखांचा आवाज कर्ण्याशिवाय मैदानाच्या कडेला पोहोचत असे, असे त्या सभा ऐकलेले लोक सांगत. त्या आवाजाने ही छक्कड गिरणगावातून महाराष्ट्रभर नेली. मैनेची आणि आपली जी ताटातूट, तीच बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव यांची महाराष्ट्रापासून ताटातूट, असे शाहीर सांगतो आणि शेवटी माघार घेऊ नका म्हणून हाक देतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. डांग-उंबरगाव गुजरातेत गेले. बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसुरात राहिले. १९६७ साली महाजन आयोगाने बेळगाव म्हैसुरातच ठेवावे असे सांगितले, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दावा अजून लोंबकळत आहे. १९६९ साली जुलैत अण्णा भाऊ गेले आणि दीडच महिन्यात, ऑगस्टअखेर, अमर शेख अपघातात गेले. गाणे पोरके झाले. पुढे विठ्ठल उमपांनी ते उचलले. आजच्या पिढीच्या कानात जी ‘मैना’ आहे ती बहुतांशी उमपांची आहे. आवाजातला कंप, मध्येच घेतलेली ती लांब हाक. त्यांनी या गाण्याला पुन्हा आयुष्य दिले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु सभेचे गाणे तबकडीवर आणि कॅसेटवर आले की त्याचे काही नियम बदलतात. सभेत गाण्याला दहा मिनिटे मिळत, पुढे हजारो माणसे लढ्याला निघालेली असत. तबकडीला मिनिटे मोजावी लागतात, आणि पुढे गिऱ्हाईक असते.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा फिरता शाहीर होऊन गेला. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांबरोबर तो हिंडला. १९४० साली त्याने ‘ही भूमी तुझी आहे’ अशा आशयाचे एक गाणे रचले. ते तेथील शाळाशाळांतून देशभक्तीचे गाणे म्हणून म्हटले जाते. त्यात खाजगी मालकीच्या पाटीविषयी एक कडवे होते आणि सरकारी मदतीच्या दारात उभ्या असलेल्या भुकेल्या माणसांविषयी एक. शाळेतल्या गाण्यात ती कडवी नसत. २००९ च्या जानेवारीत, ओबामा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या दोन दिवस आधी, वॉशिंग्टनच्या जाहीर मंचावर नव्वदीला टेकलेल्या पीट सीगर यांनी ती गाळलेली कडवीही लोकांकडून म्हणवून घेतली. गाळलेले कडवे परत आणायला तिकडे एवढी वर्षे लागली. आपल्याकडे २०२० साली अण्णा भाऊंची जन्मशताब्दी झाली, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. स्नेहसंमेलनात मात्र पहिला भागच पुरे.

आता रूपकवाल्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे नाही. रूपक कवीनेच केले आहे. पण रूपकाची गंमत अशी की ते दोन्ही बाजूंनी चालते. मैनेवरून बेळगाव समजते, तसे बेळगाववरून मैना समजली पाहिजे. विद्वान बेळगावला पोहोचतात आणि परत येत नाहीत. महाराष्ट्र झाल्यावर या माणसाची मैना त्याला भेटली काय? १९६० नंतर रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरे एकत्र झाली? मी कोणताही आकडा देत नाही, वाचकाने कोकणातल्या कुठल्याही वाडीत जाऊन विचारावे.

रत्नागिरी हा गिरणीला माणूस पुरवणारा जिल्हा. मुंबईच्या गिरणी कामगारांत या जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. घाटावरच्या माणसाला दुष्काळाने मुंबईला हाकलले, कोकणात पाऊस मुबलक होता. मग आम्ही का गेलो? आमच्या गरिबीचे नाव खोत होते. जमीन खोताची, पिकातला मोठा वाटा खोताचा, वेठ खोताची. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते येथल्या कुणबी आणि महार कुळांसाठी. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडले. अण्णा भाऊंच्या गाण्यातली गरिबी नुसती ‘गरिबी’ आहे, तिला खोत-सावकार असे नाव दिलेले नाही. कदाचित सगळ्या महाराष्ट्राला एकत्र आणण्याच्या गाण्यात ते देता येत नव्हते. कामगार, शेतकरी आणि मध्यमवर्ग यांची फौज उठल्याचे गाणे सांगते. या फौजेत जात नाही. अण्णा भाऊंसारख्या, मांगवाड्यातून पायी मुंबई गाठलेल्या कवीच्या गाण्यात जात नसणे ही मला त्या गाण्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. सर्वांत मोठी किंमतही तीच असावी.

कारण मुंबईत पोहोचलेल्या आमच्या माणसाला जात गाव सोडताना सुटली नव्हती. कापड गिरणीत पगार बरा तो साचाखात्यात. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्णाने कसा तोंडाला लावायचा, म्हणून विणकामाचे खाते आमच्यासाठी बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे पुढे आणला, लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर आणला. तेव्हा मैनेच्या नवऱ्याला मुंबईत काम मिळाले असते तरी कोणत्या खात्यात मिळाले असते, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. मैनेच्या दागिन्यांचा हिशेब शेवटी त्या खात्याच्या पगारावर ठरणार होता.

आणखी एक गोष्ट आपण आपसातच स्पष्ट बोलली पाहिजे. भाषावार प्रांतरचनेवर बाबासाहेबांनी १९५५ साली पुस्तक लिहिले. त्यात मराठी मुलखाची एकाऐवजी चार राज्ये करावीत, मुंबईचे त्यांतले एक, असे त्यांनी सुचवले होते. एका मोठ्या जातीच्या हातात एक मोठे राज्य गेले तर लहान जातींनी जायचे कोठे, ही त्यांची चिंता होती. तरीही पुढे आपली चळवळ समितीत सामील झाली, दादासाहेब गायकवाड त्या लढ्यात उतरले. तेव्हा खंडित महाराष्ट्राचे दुःख गाणारे हे गाणे आपले आहे काय? मी माझ्यापुरते उत्तर असे देतो: महाराष्ट्र अखंड व्हावा हा या गाण्याचा निष्कर्ष आहे, पण त्याचे दुःख अगोदरचे आहे आणि ते आपले आहे. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडा म्हणून सांगितले. गाव म्हणजे कोंडवाडा, हे आपण जगून शिकलो. अण्णा भाऊ ते जाणत नव्हते असे कोण म्हणेल? या गाण्यात गावाविषयी ओढ नाही. गावातली नदी नाही, झाड नाही, देऊळ नाही, जत्रा नाही. ओढ आहे ती एका माणसाची. गाव हे फक्त ती जेथे अडकून पडली आहे त्या जागेचे नाव. ग्रामीण कवितेच्या ओल्या मातीच्या वासाशी या गाण्याची सोयरीक लावणाऱ्यांनी ते पुन्हा वाचावे.

आणि जाता जाता आपल्याकडेही बोट वळवतो. अण्णा भाऊ कम्युनिस्ट म्हणून, आणि तोंडाने न बोलता मांग म्हणून, आपल्यापैकी अनेकांनी त्यांना बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले होते. बाबासाहेबांचे नाव घेऊन जग बदलायला सांगणारे गीत त्यांनी लिहिले. ते गीत आपण जयंतीला म्हणतो आणि त्यांच्या जयंतीला त्यांच्या समाजाने जमावे असे धरून चालतो. गाणे अर्धे गाण्याचा दोष एकट्या बँडवाल्याच्या माथी मारून चालणार नाही.

माझा आजा परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. बीडीडी चाळीत एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहत असे. आजी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत. वर्षातून दोनदा, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात आणि कधी भातकापणीला, तो येई. लावणी, कापणी, गुरे, चार पोरे, म्हातारे सासूसासरे हे सगळे तिचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजा गावी आला तो परत गेला नाही. त्यानंतर घर एकत्र झाले म्हणायचे. खायला काही नव्हते एवढेच.

मी कॉलेजात असताना शेजारच्या वाडीत लग्न होते. कर्ण्यावर ‘माझी मैना’ लागली. आजी अंगणात भात वारवत होती. तिने शेवटपर्यंत, म्हणजे निरोपापर्यंत, ऐकले आणि सूप खाली ठेवून म्हणाली, “त्यानं सगला सांगितलान. तिला कदी ईचारलान?” मी तेव्हा हसलो. नंतर मराठीचा प्राध्यापक झालो, लावणीवर, शाहिरीवर पुस्तके वाचली. एवढ्या नेमक्या शब्दांत या गाण्याची समीक्षा मला कोठे सापडलेली नाही. आमच्याकडे जाखडीत शक्तिवाला गायिला की तुरेवाल्याने जबाब द्यायचा असतो; जबाबाशिवाय बारी पुरी होत नाही. तमाशातही सवाल-जबाब आहेत. आजीचा कान त्या रिवाजातला होता. नवऱ्याचा सवाल झाला, बायकोचा जबाब कोठे आहे?

अण्णा भाऊंनी तो दिला नाही. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतल्या बायका बोलतात, भांडतात, हातात विळा घेतात. या छक्कडीतली गप्प आहे. तिने काय म्हटले असते? जात्यावरच्या ओव्यांत अशा बायका बोललेल्या आहेत, पण ते स्वतःशी आणि जात्याशी. मुंबईत गेलेल्या माणसापर्यंत त्यातले काही पोहोचत नव्हते. नवरा पत्रांचे वचन देतो, ते वचन मी वर्गात शिकवताना दरवेळी अडखळतो. ती पत्रे मैनेला वाचून कोण दाखवणार होते? आजीला अक्षर येत नव्हते. आजाची पत्रे आधी शाळामास्तर वाचत, ते सवर्ण होते आणि ओसरीखाली उभे राहून ऐकावे लागे. मग माझा बाप वाचायला शिकला तेव्हा तो वाचू लागला, दहा वर्षांचा पोर. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र कधी मास्तरांच्या, कधी पोराच्या तोंडून यायचे. त्यात काय लिहिता येणार होते? प्रकृती बरी आहे, पैसे पाठवले आहेत, गुरे सांभाळा. बाकीचे सगळे अण्णा भाऊंनी लिहिले.

आजी २०१४ साली गेली. तिची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा पत्रे थोडीच निघाली, वाळवी लागलेली. मनीऑर्डरची कुपने मात्र एकावर एक रचून, सुतळीने बांधून ठेवलेली होती, वर्षावर्षाची. आकडे तिला वाचता येत होते.